काळीखालचा मुहूर्त

मी कळता झालो तेव्हा आमचा पानमळा मेलेला होता.

आमची घरं अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. नागवेलीची पानं पिकवायची आणि बांबूच्या डालीत भरून बाजाराला न्यायची, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. ज्यांनी पानमळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेवरी आणि पांगाऱ्याच्या दाट ओळी लावायच्या, त्यांवर वेल चढवायचे आणि चहूबाजूंनी कापसाच्या पऱ्हाट्या अन्‌ गवत विणून उंच कूड उभा करायचा. भर वैशाखात आत शिरलात तर दिवस कलल्यासारखा उजेड असतो, आणि अंगाला ओल्या फडक्यासारखा गारवा लागतो. पायताण मात्र बाहेर काढून ठेवायचं. वेल सोवळा, अशी आमच्याकडे समजूत.

एका उन्हाळ्यात बाबा तापानं पडून होते. वावटळीनं पश्चिमेचा कूड आडवा केला. भाऊबंद आपापले मळे धरून बसले होते, आमचा कूड उभा करायला कोणी आलं नाही. झळ आत शिरली आणि दिवस फिरायच्या आत वेल चुलीवर धरल्यासारखा करपला. त्यानंतर बाबा दुसऱ्यांच्या मळ्यात पाणी वाहायला जाऊ लागले. माय अंबाडी आणि चुका घेऊन अकोटच्या बाजारात बसू लागली. संध्याकाळी ज्वारीच्या कण्या शिजल्या तर आम्ही काही बोलत नसू, आणि नाही शिजल्या तरी काही बोलत नसू.

पुढं पुण्याला कॉलेजात आमच्या साहेबानं इमारतीच्या दिशा आणि वारा यांवर व्याख्यान दिलं. बाकीची मुलं लिहून घेत होती. मला तो पश्चिमेचा कूड दिसत होता.

पुण्याला मी कसा पोचलो ती हकीकत लांब आहे. अकोटच्या शाळेतल्या पंतोजींनी बाबांचं डोकं खाल्लं, म्हणून अमरावतीला गेलो. तिथं अंबादेवीच्या देवळापाशी मायच्या दूरच्या भावाचं फुलांचं दुकान होतं. सकाळी हार ओवायचे, मग शाळेत जायचं. पुण्याला पहिल्या दिवशी वर्गात मी "मले समजलं नाई" असं म्हणालो आणि पुढचे कित्येक महिने त्या "मले"ची नक्कल ऐकत राहिलो. आमच्या जातभाईंत कॉलेजाची पायरी चढलेला मी पहिला. हे मी तेव्हाही छाती काढून सांगत असे आणि आता, दात गेल्यावरही, सांगतो.

आता मुंबईत ज्यांना आर्किटेक्ट म्हणतात, त्यांच्यासाठी आमच्या वेळी वऱ्हाडात शब्दच नव्हता. लोक मला "नकाशेवाले" म्हणत. घर बांधायचं तर गवंडी असतो, सुतार असतो, मुहूर्ताला भटजी असतो. मधेच हा कागद घेऊन फिरणारा माणूस कशाला, हे मी आयुष्यभर समजावून सांगत आलो. घर बांधताना जी भांडणं व्हायची असतात ती आधी कागदावर करून घ्यायची, एवढाच हा धंदा आहे. कागदावर पाडलेली भिंत पुन्हा उभी करायला रबर पुरतं.

सुरुवातीला मी सरकारी नोकरीत होतो. सडका, त्यांखालच्या मोऱ्या आणि साहेबांचे बंगले. बंगल्याचा नकाशा वरून यायचा, तोच अकोल्याला, तोच धारणीच्या जंगलात. माझं काम तो जमिनीवर उतरवणं. कंटाळून मी राजीनामा दिला, तेव्हा बाबा अकोटहून पायी अकोल्याला माझ्याकडं आले.

"सरकारची भाकर सोडून लोकाइचे घरं काढत फिरशीन?" ते म्हणाले. "काहून?"

"बाबा, सरकारचा नकाशा सरकार काढते. मले माह्या हातानं काढायचा हाय."

"आन घर पडलं तं?"

"तं माह्या नावावर पडन."

त्यांनी पागोटं सोडून पुन्हा बांधलं. मग म्हणाले, "मंग पडू देऊ नको."

ते दिवसच असे होते की माणसानं नोकरी सोडावी. अमेरिकेत लढाई पेटली होती, तिकडचा कापूस अडकला होता, आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडं तोंड करून बसल्या होत्या. ज्यांच्या घरी पितळी तांब्या नव्हता त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. आणि पैसा हातात आला की वऱ्हाडी माणूस पहिल्यांदा घराकडं पाहतो.

दर्यापूरकडच्या एका पाटलानं मला बोलावून गोठ्यावर घुमट बांधायला सांगितलं. मी म्हटलं, घुमट देवळावर असतो. तर म्हणे, "देवळात नंदी बसते का नाई? त्याच्या डोक्यावर घुमट असते. माह्या बैलानं काय पाप केलं?" घुमट झाला नाही. बैल छपराखालीच सुखानं जगले.

पण बहुतेकांची मागणी एकच असे: दोन खोल्या आत्ता, बाकीच्या पुढच्या कापसाला. पुढची भिंत जोडता यावी म्हणून आम्ही कडेच्या विटा एक आत, एक बाहेर अशा सोडून ठेवतो. त्याला दात सोडणं म्हणतात. त्या वर्षांत अकोल्यात आणि अमरावतीत एक घर दात सोडल्याशिवाय बांधलं गेलं नाही. पुढचा कापूस येणारच होता. अजूनही जुन्या पेठांतून फिरलात तर त्या भिंती दात विचकून उभ्या दिसतील. त्या कोणाची वाट पाहत होत्या हे सांगणारं आता फारसं कोणी उरलं नाही.

त्याच हंगामात मला रामबिलास शेठांनी बोलावलं.

शेठ अकोल्यातले मोठे कापूसवाले. त्यांचे आजे मारवाडातून आले होते, पण शेठ बोलायचे आमच्यासारखंच. आगगाडी येणार येणार म्हणून चर्चा होती, रेल्वेवाल्यांनी गावाबाहेर खुंट्याही ठोकल्या होत्या. त्या खुंट्यांच्या जवळचं एक शेत शेठांनी घेतलं. तिथं त्यांना खाली कापसाचं कोठार, पुढं पेढी आणि वर राहायला माडी हवी होती. दसऱ्याला कापूस फुटतो, तोवर निदान कोठार उभं पाहिजे. माझं हे पहिलं मोठं काम. हे उभं राहिलं असतं तर अकोल्यात माझं नाव झालं असतं. फसलं असतं तर नोकरीही गेलेली आणि मळाही मेलेला, अशी माझी गत होती.

मी नकाशा काढला तो पानमळ्याचा. हसू नका. पश्चिमेला दुहेरी भिंत, दोन्हींच्या मधे हवा. खिडक्यांना दगडी जाळ्या. आत उजेड गाळून यावा असा. शेठांनी नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "कमानी कुठी हायेत? मुंबईले सगळ्याइच्या कमानी हायेत." मी पुढं कमानी दिल्या. कमानींनी कोणाचं वाईट होत नाही.

भांडण कमानींवरून झालं नाही. पायावरून झालं.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. वऱ्हाडातलं कोणतंही जुनं गाव पाहा. घरं एका उंचवट्यावर असतात, तिथली माती फिकट, घट्ट. तिला आम्ही पांढरी म्हणतो. भोवती शेतं, ती काळी. घरं पांढरीत, पीक काळीत, असा रिवाज. काळी माती कापसाला आई आहे, पण भिंतीला नाही. उन्हाळ्यात ती आटते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात फुगते आणि वर जे काही असेल ते उचलते. भिंत एका कोपऱ्यात उचलली गेली की तडा जातो. पण आगगाडीच्या खुंट्या काळीत ठोकल्या गेल्या, आणि कापसाच्या पैशानं आंधळं झालेलं गाव पांढरी सोडून त्यांच्यामागं काळीत धावलं. आमच्या वाडवडिलांनी हजार वर्षांत जी चूक केली नाही ती आम्ही दोन-तीन हंगामांत केली.

काळीत बांधायचंच असेल तर तिच्याखालचा मुरूम लागेपर्यंत खणायचं आणि तिथून दगड-चुन्यात पाया वर आणायचा. मी तेच सांगितलं होतं. चर खणायला सुरुवात झाली. कंबर गेली, डोकं गेलं, तरी काळीच. बाळापूरचे करीम मिस्त्री कामावर होते, हात सोन्याचा आणि जीभ तिखट. ते चराच्या काठावर उकिडवे बसून म्हणत, "नकाशेवाले, शेठची हवेली बांधून राहिलो का विहीर?" गावातही बोलणं झालं होतं, की रामबिलास शेठ उलटी माडी बांधून राहिला, वरची खाली.

अक्षय तृतीयेचा मुहूर्त ठरला होता. पायाचा पहिला दगड त्या सकाळी ठेवायचा. भटजी आले, शेठांचा गोतावळा आला, शेठांनी बोलावणं धाडलं म्हणून बाबाही अकोटहून पूजेची पानं घेऊन आले. दुसऱ्याच्या मळ्यातली, पण त्यांनी स्वतः खुडलेली. बोलावलेल्यांच्या रांगेत ते अंग चोरून बसले होते.

चर दोन पुरुष खोल झाला होता. मी शिडीनं ईशान्येच्या कोपऱ्यात उतरलो आणि माती मुठीत दाबली. लोण्यासारखी. अजून काळीच.

वरून मिस्त्रींचा आवाज आला, "पाणी लागलं का, नकाशेवाले? बादली सोडू?"

लोक हसले. मी वर आलो आणि शेठांना सांगितलं, की आज दगड इथं ठेवता येणार नाही.

"मुहूर्त आज हाय," शेठ म्हणाले.

"मुरूम आज नाही लागला, शेठजी."

"इंजिनेर साब, हा मुहूर्त गेला तं माह्या राशीले दिवाळीपर्यंत दुसरा नाई. विचारा महाराजाइले. दसऱ्याले कापूस कुठी भरू? तुमच्या नकाशात?"

"इथं दगड ठेवला तर पहिल्या पावसाळ्यात भिंत फाटेल. कोठारावर तुमची माडी आहे. माडीत मुलंबाळं राहणार आहेत."

शेठांनी खाली वाकून ढेकूळ उचललं आणि माझ्या तोंडासमोर धरलं. "याच काळीनं मले शेठ केलं. ही माह्या दगडाले दगा देईन?"

"कापूस धरते ती, शेठजी. दगड नाही धरत."

शेठ मला तिथंच काढून टाकणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मिस्त्री थापी घेऊन तयार होते. शेठांनी मान हलवली असती तर त्यांनी दगड तिथंच बसवला असता. कारागीर हुकमाचा असतो, त्यांचा दोष नाही.

तेव्हा मागच्या रांगेतून बाबा उठले. ते माझ्याकडं नाही, भटजींकडं पाहत होते.

"महाराज, एक विचारू का? दगडाची पूजा आत्ता, मंतर आत्ता, वेळ आत्ताची. म्हंजे मुहूर्त लागला ना?"

"लागला."

"मंग तोच दगड उद्या-परवा आणखी खाली उतरवला तं मुहूर्त मोडते का?"

भटजी पंचांग चाळू लागले. "असं शास्त्रात कुठं स्पष्ट..."

"देवाले उतराले शिडी लागते का, महाराज?"

भटजींना हसू आवरलं नाही. "शिडी नाही लागत," ते म्हणाले.

शेठांनी बाबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "पूजा झाली का माहं काम झालं," ते म्हणाले. "मंग तुमचा दगड तुमी पाताळात न्या."

हे वाक्य मी त्यांच्याच शब्दांत लिहितो आहे. ते मिस्त्रींनी ऐकलं, भटजींनी ऐकलं, सगळ्या मांडवानं ऐकलं.

पूजा झाली. दगड दोरानं त्या काळीवर टेकवला गेला, त्याला हळद-कुंकू लागलं, बाबांची पानं वाहिली गेली. नंतर मी तो बाजूला काढून खणणं पुढं चालू ठेवलं. आणखी जवळजवळ पुरुषभर खाली पहारीचा आवाज बदलला. ज्यानं कधी ऐकलं नाही त्याला कळणार नाही. काळीत पहार मुकी जाते, मुरुमावर ती बोलते. दगड खाली उतरवला. मंत्र नाही, भटजी नाही. मी आणि बाबा होतो. पूजेतली पानं बाबांनी उपरण्याच्या पदराला बांधून ठेवली होती, ती त्यांनी त्याच्यावर ठेवली. माणसं चुना टाकायला लागली.

पावसाच्या आत पाया जमिनीबरोबर आणायचा म्हणजे जिवाचा आटापिटा होता. चर उघडा राहिला असता तर कडा ढासळल्या असत्या. चुना मळायची घाणी थांबू दिली नाही. पाया वर आला, पण कोठार दसऱ्याला झालं नाही, ते कसं होणार? शेठ कुरकुरले आणि त्या वर्षाचा कापूस त्यांनी भाड्याच्या जागांत भरला. हिवाळ्यात आम्ही जोतं बांधलं, घडीव दगडाचं, कमरेएवढं उंच. त्यावर उभं राहिलं की दूरवर रेल्वेच्या मातीचा बांध वाढताना दिसायचा. मिस्त्रींनी दगडांवरून हात फिरवून पाहिला आणि पान खाल्लं.

आणि अमेरिकेतली लढाई थांबली.

तार आली त्या दिवशी अकोल्याच्या बाजारात कापसाचा भाव कोसळला. ज्यांनी चढ्या भावानं कापूस भरून ठेवला होता ते सगळे एका झपाट्यात खाली आले, शेठ त्यांच्यात पहिले. काम जोत्यावर थांबलं. वरचं काहीच नाही: दुहेरी भिंत नाही, जाळ्या नाहीत, कमानीसुद्धा नाहीत. जमिनीवर दिसायला एक ओटा आणि बाकी सगळी मेहनत जमिनीत.

माणूस बुडाला की कारण शोधतो. विलायत लांब होती, अमेरिका त्याहून लांब. मी जवळ होतो. शेठ म्हणू लागले, "इंजिनेरनं माहा मुहूर्त उचलला. ठेवलेला दगड हलवला, तवाच माहं नशीब हललं." गावाला हे पटलं. भाव पडण्यापेक्षा दगड हलणं समजायला सोपं असतं. त्यांचंही सगळ्यांचं काहीतरी बुडालं होतं, त्यांनाही कोणीतरी हवं होतं.

मी करीम मिस्त्रींकडं गेलो. "तुम्ही ऐकलं होतं, शेठ काय म्हणाले ते."

"ऐकलं," ते म्हणाले.

"मग सांगा ना लोकांना."

ते थापी धूत होते. "नकाशेवाले, तुमी उद्या अमरावतीले जासान. मले इथंच राहायचं हाय. इथल्याच भिंती बांधायच्या हायेत."

मला राग आला होता. आज येत नाही. खरंच, मी अमरावतीला गेलो.

जाण्याआधी घरी गेलो. बाबा अंगणात दोर वळत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी वर न पाहता विचारलं, "आपला मळा काहून मेला, तुले मालूम हाय?"

"पश्चिमेचा कूड पडला म्हणून."

"लोक काय म्हणत, ते मालूम हाय?"

मला माहीत नव्हतं.

"लोक म्हणत, तुही माय पायताण घालून मळ्यात गेली. भाऊबंदाइनं उठवलं. कूड उभा कराले जे आले नाई, तेच म्हणत. तुह्या मायनं ते मरेपर्यंत ऐकलं." ते दोर वळत राहिले. "तिनं पायताण कवाच घातलं नवतं. तिच्यापाशी नवतंच."

मी इतकी वर्षं त्या घरात वाढलो आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

अकोल्यात मला कोणी घराचं काम दिलं नाही. अमरावतीतही ती गोष्ट माझ्याआधी पोचायची. लोक नकाशा काढून घेत आणि पायाभरणीच्या दिवशी मला बोलवत नसत. मी सरकारी ठेकेदारांच्या हाताखाली कामं केली. मेळघाटात धारणीकडं पावसात वाहून जाणाऱ्या मोऱ्या बांधल्या. आगगाडी आल्यावर धामणगावला धान्याच्या वखारी बांधल्या. चांगल्या बांधल्या, पण वखारीला नकाशा लागतो असं कोणी मानत नाही.

मधल्या वर्षांत अकोल्याच्या नव्या पेठेतल्या, काळीवरच्या भिंती एकेक करून तडकल्या. काही लोक येऊन मला ते सांगत, मला बरं वाटेल म्हणून. बरं वाटलं नाही. दुसऱ्याच्या तडा गेलेल्या भिंतीपाशी उभं राहून ज्याला आनंद होतो त्यानं हा धंदा करू नये. त्या घरांत माणसं निजतात.

आता नवी मुलं मुंबईहून शिकून येतात, भेटायला येतात. ती मला दर्शनी बाजूबद्दल विचारतात, खांबांच्या माथ्यांबद्दल विचारतात. चांगली मुलं आहेत. चर किती खोल घेतलात, असं अजून एकानंही विचारलेलं नाही. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा आम्हीही विचारत नव्हतो. या धंद्याचं हेच आहे: जे दिसतं त्याची फी मिळते, आणि जे गाडलं जातं त्याच्यावर घर उभं राहतं. हे कोणाला समजावून सांगण्याची हौस आता राहिली नाही.

शेठांचं जोतं मात्र होतं तिथंच होतं. पलीकडं कापसाचा बाजार भरू लागला, आणि बाजाराला आलेले गाडीवान त्याच्यावर बसत, भाकरी सोडत, उन्हात झोपत. कामानिमित्त अकोल्याला उतरलो की मी तिकडं जायचो. पिशवीत पाणसळ असे. काचेच्या नळीत पाण्याचा बुडबुडा, पृष्ठभाग समतल असेल तर तो मधोमध थांबतो. मी ती जोत्याच्या चारी कोपऱ्यांवर ठेवून पाहायचो. का, ते विचारू नका. आजारी माणसाची नाडी पाहतात तसं.

अशाच एका उन्हाळ्यात मी ईशान्येच्या कोपऱ्याशी वाकलो होतो, तेव्हा मागून आवाज आला.

"काय पाहून राहिले, इंजिनेर साब?"

शेठ होते. केस पांढरे, हातात काठी, अंगावर साधा अंगरखा. किती वर्षांनी बोलत होते माझ्याशी.

"सरकलं का ते पाहतो."

"सरकलं?"

मी बाजूला झालो. ते वाकले, डोळे बारीक करून त्या बुडबुड्याकडं पाहत राहिले. गाडीवान झोपेतून उठून आमच्याकडं पाहत होते.

"मधातच हाय," शेठ म्हणाले.

"होय."

"मी बुडाल्यावर बाजूच्या गल्लीत घर बांधलं. लहानसंच. पांढरीत जागा मिळाली नाई. त्याच्या भिंतीत माहा हात जाते." त्यांनी हात उभा धरून दाखवला, बोटांची बाजू पुढं करून. "सून म्हणते, भेगेतून उंदीर येते, सरकी खाते."

पाणसळ पिशवीत घालून मी स्टेशनाकडं निघालो. त्यांनी माफी मागितली नाही. मी तिची वाटही पाहत नव्हतो, असं मी म्हणेन, आणि ते बहुतेक खरं असेल.

पुढच्या दिवाळीनंतर त्यांचा माणूस अमरावतीला आला. शेठांनी ती जागा गाडीवानांच्या सराईसाठी द्यायचं ठरवलं होतं. बाजारातल्या काही कापूसवाल्यांनी हात दिला होता. नकाशा मीच काढायचा, असा निरोप होता. मी जुना नकाशा शोधला नाही, तो मला पाठ होता. कोठार आणि पेढी काढून टाकली, माडी काढली. राहिली ती पश्चिमेची दुहेरी भिंत, जाळ्या आणि मधली लांब गार पडवी.

काम सुरू करायच्या दिवशी करीम मिस्त्री आले होते, कमरेत वाकलेले, दोन्ही मुलगे हाताशी. मला पाहून म्हणाले, "नकाशेवाले, या बारीले वर बांधायचं हाय ना? का आणखी खाली?"

नवे भटजी पंचांग घेऊन आले होते. जुन्यांचे चिरंजीव. त्यांनी तिथी सांगायला सुरुवात केली, तेव्हा शेठांनी काठी जोत्यावर टेकवली.

"पंचांग ठेवा, महाराज," ते म्हणाले. "इथला मुहूर्त झाला हाय. खाली हाय." मग माझ्याकडं न पाहता, जमलेल्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मीच म्हटलं होतं का खाली न्या. माह्याच सांगण्यानं नेला."

मिस्त्रींनी मान हलवली. "मी ऐकलं होतं," ते म्हणाले, आणि थापी उचलली.

बाबा त्याआधीच गेले होते. शेठ सराई झाल्यावर थोड्याच काळात गेले.

सराईत पायताण बाहेर काढायचा नियम नाही. मी तसा नियम कुठं लिहिला नाही, कोणाला सांगितला नाही. पण भर उन्हातून आलेले गाडीवान उंबऱ्याशी आत पाहतात, तो उजेड पाहतात, आणि बरेचसे आपोआप वहाणा काढून आत येतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाहेरच्या कट्ट्यावर बराच वेळ बसून राहिलो.

मी बरंच बांधलं. त्यातलं पुष्कळ सरकारचं आहे, काही ठेकेदारांच्या नावावर आहे, काही पडलं. अकोल्याच्या बाजारापाशी, काळ्या मातीत, ही एक सराई माझी आहे. तिच्यावरून कित्येक पावसाळे गेले. तिच्या भिंतीला तडा नाही.